स्टिकसाठी कर्ज

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी लेकीसाठी कर्ज मागितलं. कारण काय, तर हॉकीची स्टिक आणि बूट. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. मग हॉकीवरच बोलणं निघालं, ते तुम्हालाही सांगतो.

पुरुषांची हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली. बायकांची पहिली लीग व्हायला २०२५ चा जानेवारी उजाडला. रांचीच्या मैदानावर चार संघ खेळले. २६ जानेवारीला अंतिम सामना, ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा यांच्यात. सामना ६० मिनिटांचा. एक-एक अशी बरोबरी, आणि ५६व्या मिनिटाला ओडिशाच्या ऋतुजा पिसाळने गोल मारला. त्याआधीचा गोलही तिचाच! ऋतुजा आपल्या सातारा जिल्ह्यातली बरं का.

जिंकलेल्या संघाला दीड कोटी मिळाले. पुरुषांच्या विजेत्यांना मात्र तीन कोटी. "खुरपणीला बाईची हजेरी कमी, तसंच की हे!" गटातल्या एक आजी म्हणाल्या. खरंच आहे. तरी लिलावात उदिता नावाच्या खेळाडूवर ३२ लाखांची बोली लागली, हे ऐकून त्याच आजींनी आकडा दोनदा विचारला.

आमच्या नियमांत खेळासाठी कर्ज नाही. बी-बियाणं, आजारपण, शिक्षण एवढंच. बराच वाद झाला. शेवटी 'शिक्षण' या रकान्यात स्टिक आणि बूट लिहिले. हप्ता पुढच्या महिन्यापासून.