अक्षर जसंच्या तसं: हेलश्रायबर आणि पुरातला निरोप

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं व्याख्यान. श्रोत्यांचे प्रतिसाद कंसात दिले आहेत.)

पहिली पाळी संपवून घरी न जाता इथं येऊन बसलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'हौशी रेडिओची ओळख'. ती ओळख मी आज करून देणार नाही. परवाना कसा काढायचा, परीक्षेत काय विचारतात, कॉल साइन कशाला म्हणतात, हे सगळं मागच्या उन्हाळ्यात याच मंचावर झालंय. पुढच्या दोन रांगांत त्या परीक्षेला बसलेली पोरं मला दिसतायत. 2004च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नेमक्या पोर्ट ब्लेअरमध्ये रेडिओ घेऊन होत्या आणि त्यांनी पुढं काय काम केलं, तेही तुम्ही ऐकलेलं आहे. मोर्स, एसएसबी, अँटेना, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या जिल्ह्यात पूर आला की रेडिओवरचा लेखी निरोप देवनागरीत गेला पाहिजे. आणि तो पाठवायची सगळ्यात साधी रीत जवळजवळ शंभर वर्षांची जुनी आहे. तिचं नाव हेलश्रायबर.

रुडॉल्फ हेल हा जर्मन अभियंता. जन्म 1901चा, गेला 2002 साली, म्हणजे शंभरी पार करून. त्यानं या यंत्राचं पेटंट घेतलं 1929 साली. त्या काळच्या टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा संकेत असायचा. पाच खुणा, म्हणून बत्तीस जुळण्या. पाठवणारा संकेत पाठवतो आणि पलीकडचं यंत्र त्यावरून अक्षर ठरवतं. वाटेत एक खूण बिघडली की यंत्र दुसरंच अक्षर छापून मोकळं होतं, आणि ते छापलेलं अक्षर अगदी सुबक असतं. वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही.

हेलनं संकेतच काढून टाकला. अक्षराचे ठिपके करायचे, एसटीच्या पुढच्या काचेवर ठिपक्यांची पाटी असते ना, तसे. सात उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत सात घरं. पहिली रांग खालून वर वाचायची, मग दुसरी, मग तिसरी. काळं घर आलं की ट्रान्समीटर चालू, पांढरं आलं की बंद. एवढंच. एका ठिपक्याला साधारण 8 मिलिसेकंद, सेकंदाला अडीच अक्षरं.

आता पलीकडे काय होतं, हे इथल्या टर्नर मंडळींना माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. कागदाची पट्टी सरकतेय. तिच्यावर शाई लावलेला, आटे पाडलेला छोटा स्क्रू गरगर फिरतोय. सिग्नल आला की चुंबक कागदाला त्या आट्यावर दाबतो आणि ठिपका उमटतो. दोन्हीकडच्या मोटरींचा वेग सारखा असला तरी सुरुवात एकाच क्षणी होईल याची खात्री नसते. मग अक्षर अर्धं वर आणि अर्धं खाली उमटायचं. हेलनं स्क्रूला आट्याचे दोन फेरे दिले. त्यामुळे तीच ओळ एकाखाली एक दोनदा छापली जाते आणि दोनांतली एक तरी अखंड मिळते. (मागून : 'वा!') वा म्हणण्यासारखंच आहे ते. सेन्सर नाही, फीडबॅक नाही, एक आटा वाढवला आणि प्रश्न मिटवला.

1930च्या दशकात वृत्तसंस्था या यंत्रावर बातम्या धाडत होत्या. पुढं जर्मन सैन्यानं त्याची रणांगणावर नेण्याजोगी पेटी केली. तो इतिहास आज सोडतो. आता स्क्रू गेला, कागद गेला. लॅपटॉप आणि एफएलडिजी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. पण हवेत ऐकाल तर बहुतेक सगळे एफटी8 या संगणकी पद्धतीवर असतात. हेलचा आवाज क्वचित कानावर पडतो.

तो आवाज ऐकवतो. मागच्या भिंतीपाशी आमचा एक विद्यार्थी मोबाइल घेऊन उभा आहे. देवनागरी अक्षरांचे ठिपके करणारा छोटा प्रोग्राम त्यानंच लिहिलाय. मोबाइलचा स्पीकर हा ट्रान्समीटर, माझ्या लॅपटॉपचा माइक हा रिसीव्हर, आणि मधली हवा म्हणजे तुम्ही आणि हे पंखे. पाठव रे.

(सभागृहात तुटक सूर ऐकू येतो. पडद्यावर 'कागल' ही अक्षरं दोन ओळींत उमटतात. टाळ्या.)

थांबू नका, टाळ्या चालू ठेवा! पडद्याकडे बघा. टाळीगणिक काळे शिंतोडे पडतायत. 'ग'चा उभा दंड शिंतोड्यांत बुडाला. तरी काय वाचलंत? (अनेक आवाज : 'कागल!') कुठल्या प्रोग्रामनं तुम्हाला सांगितलं? कुणी नाही. डोळ्यानं वाचलंत. संगणक इथं अक्षर ओळखायचा प्रयत्नच करत नाही. जेवढं आलं तेवढं, जसं आलं तसं, तुमच्यासमोर मांडतो. जिथं शंका आहे तिथं शंका दिसते. औषधाच्या चिठ्ठीवर 25 आहे की 75, हे पुसट आलं असेल तर मला ते पुसटच दिसायला हवं. मी पुन्हा विचारीन. यंत्रानं स्वतःच ठरवून स्वच्छ 75 छापलेलं मला नको आहे.

आता हे सगळं मी पुराला का जोडतोय? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्या दिवसांत आपण सगळे कुठं होतो ते प्रत्येकाला आठवतंय, मी उगाळत नाही.

त्यानंतर आम्ही काही जणांनी सराव घेतला. एका टोकाला 'छावणी', दुसऱ्या टोकाला 'नियंत्रण कक्ष', मध्ये निरोप पुढं देणारं एक स्टेशन. मजकूर रोमन लिपीत, कारण नेहमीच्या बहुतेक प्रोग्रामना तीच येते. पहिलाच निरोप : शिरोळला बोट पाठवा. मधल्या स्टेशननं विचारलं, शेवटी आय आहे का? म्हणजे शिरोली का? शिरोली असेल तर पुलाची की दुमाला? (हशा) हसताय, पण शिरोळ एका तालुक्यात, पुलाची शिरोली दुसऱ्यात आणि शिरोली दुमाला तिसऱ्यात. दुसरा निरोप सांगावचा. आता सांगाव म्हटल्यावर... (अनेक आवाज : 'कसबा का मौजे?') बघा! सगळ्या सभागृहाला एकच प्रश्न पडला. (एक आवाज : 'सर, म्या मौजेचा!' हशा) तुम्हाला बोट मिळेल, पण आधी कसबा सांगावात जाऊन येईल.

तिसरा निरोप तर मी जन्मात विसरणार नाही. रोमनमध्ये चार अक्षरं, के-ए-एल-ई. पुढं तीन रुग्ण, इन्सुलिन हवं. नियंत्रण कक्षातला म्हणाला, काळे नावाचं कुटुंब आहे, शहरातलं असणार, पत्ता विचारा. मधलं स्टेशन म्हणालं, अहो, ते कळे गाव आहे, गगनबावड्याच्या रस्त्यावरचं. छावणीतल्या मुलीनं यादी लिहिली होती देवनागरीत, स्वच्छ अक्षरात. ती रोमनमध्ये टाइप केली दुसऱ्यानं, आणि तो चहाला गेला होता. मग तिघांची रेडिओवर वादावादी. एक म्हणतोय, काळे असतं तर के-ए-ए लिहिलं असतं. दुसरा म्हणतोय, असं कोण लिहितं, आमच्या शेजारच्या काळ्यांच्या दारावरच्या पाटीवर एकच ए आहे. तिसऱ्याला तोपर्यंत शंका आली की हे 'काले' तर नसेल? एका शब्दापायी सगळं जाळं अडकून पडलं आणि मागचे निरोप तसेच तुंबले. सराव होता म्हणून चाललं. खऱ्या पुरात गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली असतो; चुकीच्या दिशेला निघालेलं वाहन फिरवून आणायला दुसरा रस्ता नसतो. आणि यात कुणाचाही हलगर्जीपणा नव्हता, हे मी आग्रहानं सांगतो. सगळे चोख काम करत होते. आपल्या ळ आणि ल मधला फरक त्या लिपीत मावत नाही, त्याला कोण काय करणार?

(श्रोत्यांतून : 'सर, व्हॉट्सअॅप हाय की! फोटो काढायचा आन् धाडायचा.')

बरोबर आहे, आणि टॉवर चालू असेल तोवर तेच करा. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की जनरेटर, जनरेटरला डिझेल. ते डिझेल पोचवायचं कुठल्या रस्त्यानं, हा प्रश्न आपण दोनदा बघितलाय. माझा रेडिओ गाडीच्या बॅटरीवर चालतो. 40 मीटरच्या पट्ट्यासाठी वीसेक मीटर तार, मधोमध तोडून जोडलेली, दोन खांबांच्या मध्ये बेताच्या उंचीवर. लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात. त्यामुळे मधला डोंगर आड येत नाही. दिवसा राधानगरी, गगनबावडा, पार कोकणापर्यंत. मध्ये टॉवर नाही, रिपीटर नाही.

(दुसरा श्रोता एफटी8बद्दल विचारतो.)

तुम्ही रेडिओवाले दिसताय! एफटी8ला माझा विरोध नाही. जो टेलर यांच्यासारखा नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर बसून 2017 साली एखादी पद्धत तयार करतो, तेव्हा ती उत्तमच असते. गोंगाटाच्या वीस डेसिबल खालचा सिग्नल ती उचलते. पण त्यात मुक्त मजकुराला जागा किती? तेरा अक्षरं, तीही रोमन. 'कसबा सांगाव' रोमनमध्ये लिहिलं की बारा जागा संपल्या. उरलेल्या एका जागेत बोट मागायची की इन्सुलिन?

पीएसके31 म्हणाल, तर ती पीटर मार्टिनेझ यांची 1998ची पद्धत, मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलीय. तिच्यातून युनिकोड ढकलायचा तर 'कोल्हापूर' या एका शब्दाला 27 बाइट जातात, आणि त्यातला एक फुटला तरी अक्षराच्या जागी चौकोन येतो. स्लो स्कॅन टीव्हीवर चिठ्ठीचा फोटो जातो, मान्य. पण तो बोलण्याचा अख्खा चॅनेल अडवतो आणि त्याला बऱ्यापैकी सेट लागतो. हेलला नुसता चालू-बंद होणारा ट्रान्समीटर पुरतो. मोर्ससाठी घरी बांधलेला, तोसुद्धा.

(मंचावर चिठ्ठी येते.) साडेआठची बस दारात लागलीय म्हणतात. पाच मिनिटं द्या, कारण मुख्य गोष्ट राहिलीय. अँटेनाचं पान गाळतो, नियमांचंही. एवढंच लक्षात ठेवा : गुप्त संकेत चालत नाही, उघडा मजकूर चालतो, आणि कॉल साइन मात्र रोमनमध्ये द्यायची.

मुख्य गोष्ट ही. सात घरांत आपली लिपी मावत नाही. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. म्हणून आम्ही उंचीला चौदा घरं घेतो आणि रुंदीला साधारण बारा. ठिपक्याचा वेग तोच ठेवला की एका अक्षराला दीड सेकंदाच्या आत-बाहेर लागतं. साठ अक्षरांचा निरोप दीड मिनिटात जातो. हे हळू आहे, मला ठाऊक आहे. पण 'शिरोली का शिरोळ' या वादापेक्षा लवकर होतं. (हशा)

आणि आता शिरोरेषा बघा. हेलमधली जुनी अडचण अशी की दोन्हीकडच्या घड्याळांचे ठोके तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे ओळ हळूहळू चढत किंवा उतरत जाते. रोमन अक्षरं सुटी असतात. किती तिरकं चाललंय हे पटकन कळत नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एकाच उंचीवर रेघ आहे. म्हणजे बहुतेक प्रत्येक उभ्या रांगेत, त्याच जागी, एक ठिपका ठरलेला. ट्रान्समीटर सेकंदाला पावणेनऊ वेळा तो ठिपका ठोकत राहतो. पलीकडे ती रेघ चढताना दिसली की माउसनं उतार दुरुस्त करायचा आणि पुढची ओळ सरळ. सिग्नल बुडाला आणि परत आला, तरी रेघ सापडली की अक्षर कुठून कुठपर्यंत आहे ते सापडलं. सेट थोडा जास्त तापतो, कारण चौदातला एक ठिपका जवळजवळ कायम काळा. एवढी किंमत मी आनंदानं देईन. जर्मनीत बसून हेलनं जे यंत्र रोमन अक्षरांसाठी बांधलं, त्याला लागणारा आधार आपल्या लिपीत आधीपासून आहे. मला हे पहिल्यांदा पडद्यावर दिसलं त्या रात्री झोप लागली नाही. (टाळ्या)

शेवटचा प्रश्न घेतो. (श्रोता : 'इथल्या भट्ट्यांचा त्रास होत नाही का?') होतो, प्रचंड. इंडक्शन फर्नेस आणि मोटरींचे व्हीएफडी चालू असले की 7 मेगाहर्ट्झवर नुसती खरखर. माणसाचा आवाज त्यात विरून जातो. आज तुम्ही टाळ्यांचे शिंतोडे बघितलेत, पण टाळी म्हणजे भट्टी नव्हे, आणि मला अंदाजावर बोलायचं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत एक सराव ठेवलाय. एक स्टेशन इथं वसाहतीत, एक दूधगंगेपलीकडे. सुट्टीच्या दिवशी नको, भट्ट्या चालू असतानाच. ज्यांच्याकडे जुनी यूपीएसची बॅटरी आहे त्यांनी ती आणावी. नावं इथं टेबलावर लिहून द्या, देवनागरीत. आणि फॅब्रिकेशनवाल्यांपैकी कुणीतरी त्या वेळी माझ्या तारेच्या अगदी जवळ वेल्डिंग चालू ठेवा. त्या गोंगाटात 'ळ' वाचता येतो का, ते मला बघायचंय.