मुलींनी डेटा सायन्स शिकावे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने आज मला दिलेल्या विषयाचे नाव इंग्रजी असले, तरी आतली वस्तू आपल्या घरचीच आहे. डेटा म्हणजे टिपून ठेवलेली माहिती. वाण्याची वही, कॅलेंडरावर मांडलेले दुधाचे खाडे, भिशीचा हिशेब, हा सारा डेटाच. अशा लाखो नोंदी संगणकाच्या साहाय्याने जुळवून त्यांतून उपयोगाचा अर्थ काढावयाचा, ह्याचे नाव डेटा सायन्स.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण वरचे शीत शिजलेले आणि तळचा भात करपलेला, अशीही कधी फसगत होते. तेव्हा शीत कोठले उचलावे, हे ह्या शास्त्राचे एक मर्म आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी पिकांचा अंदाज बांधण्यासाठी हेच तत्त्व वापरले. शेत कोणाच्या मर्जीने न निवडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडावयाचे, म्हणजे सडकेलगतची चांगली शेतेच तेवढी मोजली जात नाहीत.

कोणी म्हणेल, ह्यात बायकांचा काय संबंध? फार जवळचा आहे. समजा, आपल्या पूर्व भागात एखाद्या घरी पाहणीसाठी कोणी आले आणि "घरात कमावते कोण?" असे विचारले. विड्या वळणारी बाई सहज नवऱ्याकडे बोट दाखवील आणि कागदावर "घरीच असते" अशी तिची नोंद होईल. तेच "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलेत?" असे विचारले, तर तिचे सारे काम उजेडात येईल. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर असेच विचारले. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत दोघांमधले अंतर एका मिनिटाने घटले! बेरीज यंत्र करील. परंतु काय विचारावे, हे आईला विड्या वळताना पाहिलेल्या मुलीला अधिक कळेल. म्हणून आपल्या मुली ह्या विद्येत हव्यात.

आता पदवीविषयी. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० सालापासून ही पदवी घरबसल्या शिकण्याची सोय केली आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित व इंग्रजी हवे, वयाची अट नाही. प्रवेशासाठी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. परीक्षांना मात्र केंद्रावर स्वतः जावे लागते. पहिल्या टप्प्यात गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि संगणकाची भाषा हे विषय असतात. पुढे पदविका, मग पदवी. मध्येच थांबावे लागले, तरी पुऱ्या केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र हाती राहते. सुनांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. उत्पन्नानुसार शुल्कात सवलतही मिळते. ज्यांना संख्याशास्त्रातच पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी आपल्या सोलापूर विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण आहे.

एक सावधगिरी सांगते. नुसत्या नावावर भुलू नका. काही महिन्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदवी ह्यांत फरक आहे. पैसे भरण्यापूर्वी विचारा: पदवी कोण देणार? गणित व संख्याशास्त्र किती शिकविणार? खऱ्या माहितीवर काम करावयास मिळणार काय? आणि मुलीला गणिताचा कंटाळा असेल, तर केवळ पगाराच्या आशेने तिला ह्या वाटेला लावू नका. गणिताची गोडी असेल, तर मात्र "मुलीच्या जातीला कशाला एवढे?" असे म्हणून तिला अडवू नका.

मंडळाला माझी एक विनंती आहे. दुपारच्या वेळी मंडळाची खोली रिकामी असते. ज्या मुलीला घरी अभ्यासाला कोपरा नाही, तिला ती द्यावी.