पोर्ट लुईचा आप्रवासी घाट

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई हे बंदर फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने यांनी १७३५ नंतर नावारूपाला आणले आणि १८१० मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले; पण या शहराची खरी ओळख धक्क्यालगतच्या आप्रवासी घाटावरच पटते. गुलामगिरी संपुष्टात येत असताना, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेले मजूर, या बंदरात उतरवले जाऊ लागले. ज्या काळ्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे नोंदणीला गेली, त्या पायऱ्या, तेथील रुग्णालयाच्या खोल्या व मुदपाकखान्याचे अवशेष आजही पाहता येतात, आणि पर्यटकाने बाजारपेठेआधी तेथेच थांबावे, इतके त्यांचे मोल आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज या बेटावर अजूनही गणेशोत्सव मनोभावे साजरा करतात.