माळरानाचे वेळापत्रक



झाड तोडले गेले तर ते डोळ्यांना दिसते, त्याचा पंचनामा होतो आणि क्वचित आंदोलनही उभे राहते. उघड्या माळावरच्या खळग्यातील दोन अंडी ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेली तर मात्र त्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. माळढोक, तणमोर, धाविक, माळटिटवी, पखुर्डी, रातवा आणि चंडोल हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी महाराष्ट्राच्या पठारावरून विरळ होत गेले, त्यामागे अधिवासाचे क्षेत्र घटणे हे मोठे कारण आहेच. परंतु जो माळ अजून शिल्लक आहे तेथेही हे पक्षी का टिकत नाहीत, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि प्रस्तुत भाषणाचा रोख त्याच प्रश्नाकडे आहे.

या पक्ष्यांची सारी भिस्त न दिसण्यावर असते. माळटिटवी ऐन उन्हाळ्यात, आडोसा नसलेल्या मुरमाड जमिनीवर बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग भोवतालच्या खड्यांशी इतका मिळताजुळता असतो की हातभर अंतरावरूनही ती ओळखू येत नाहीत. भर दुपारी अंडी उबवण्याऐवजी थंड राखण्याची वेळ येते, तेव्हा नर किंवा मादी त्यांच्यावर सावली धरून उभी राहते आणि पाणी जवळ असल्यास पोटाची पिसे भिजवून आणते. अशा वेळी माणसाच्या वावरामुळे पक्षी दूर राहिला, तर अंड्याला कोणी हात न लावताही आतील जीव उन्हाने मरू शकतो. छायाचित्रासाठी माळावर गाडी घालून पक्ष्यामागे फिरणाऱ्यांनी, आणि असे रसिक या सभागृहातही असतील, ही गोष्ट ध्यानात घेतलेली बरी.

म्हणूनच उपद्रव किती झाला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात झाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. धाविकाचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट असा असतो आणि नेमक्या याच काळात माळावर सरकारी कामांची गर्दी होते. समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी अडवण्यासाठी उतारावर समान उंचीच्या रेषेत खोदलेले चर, पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्याची घाई एप्रिल-मे महिन्यांत असते, तर पाठोपाठ जून-जुलैमध्ये वृक्षलागवड येते. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावून माळ हिरवा केल्याचे समाधान मिळते खरे. परंतु दूरवर दृष्टी पोहोचेल अशीच जागा निवडणाऱ्या पक्ष्याच्या लेखी तो माळ संपलेला असतो, आणि वाढलेले प्रत्येक झाड कावळ्याला व शिकारी पक्ष्याला टेहळणीची जागा पुरवते. महसुली दप्तरात पडीक म्हणून लागलेल्या जमिनीचे भले करण्याच्या या उत्साहाने केलेले नुकसान उघड हानीपेक्षा कमी नाही.

सोलापूरजवळील नान्नजचा अनुभव या संदर्भात तपासण्याजोगा आहे. नान्नज ज्यात येते ते 1979 मध्ये स्थापन झालेले माळढोक अभयारण्य कागदोपत्री सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते आणि खासगी मालकीची विस्तीर्ण जमीन समाविष्ट होती, त्यामुळे जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याच्या शिवारात पक्षी उतरत असे त्याच्याच मनात त्या पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले. मात्र मधल्या काळात जिल्ह्यातील सिंचन आणि त्यामागून ऊस वाढत गेला, ज्वारी-करडईची कोरडवाहू शेती मागे हटली, आणि आता नान्नजला माळढोक दिसणे हीच बातमी होते. माळढोकाची मादी एका विणीत सहसा एकच अंडे घालते व ते सुमारे 27 दिवस उबवते. हे एक अंडे कुत्र्याने वा मुंगसाने फस्त केले तर बहुधा वर्षच वाया जाते. त्यातच उडताना समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी वीजवाहिन्यांना धडकून मरतो, तेव्हा प्रौढ पक्ष्याची ती हानी भरून काढणारी नवी पिढी मागे असतेच असे नाही. साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर जमिनीच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या व्यवस्थेने विणीच्या काही महिन्यांत मोजक्या माळांवर कुत्री, वाहने आणि कामे थोपवली असती, तर चित्र पूर्णपणे बदलले असते असे नाही. पण शेतकऱ्याचा रोष तरी ओढवला नसता.

चराईसंबंधीही हाच विचार लागू पडतो. मेंढरे पूर्णपणे बंद केली की गवत माजते आणि आखूड गवतावर वावरणाऱ्या धाविकासारख्या पक्ष्याला ते निरुपयोगी ठरते. चराई अतिरेकाची झाली तर तणमोराला लपण्यापुरतेही गवत उरत नाही. धनगराचा कळप कोठे आणि केव्हा फिरावा हे त्याच्याशी बसून ठरवता येते, कुंपणाने ते साधत नाही.

तणमोराची वीण पावसाळ्यात होते. नर गवतातून उंच उडी मारून मादीला साद घालतो आणि मादी गवतात किंवा पिकातही अंडी घालते. सोयाबीनच्या शेतात आडोसा मिळतो, म्हणून ती जागा पक्ष्याला योग्य वाटते, परंतु पिले बाहेर पडण्याआधीच तेथे डवरणी आणि फवारणी होते. वरकरणी चांगल्या पण प्रत्यक्षात विणीचा नाश करणाऱ्या अशा जागेला अभ्यासक पारिस्थितिक सापळा म्हणतात. फवारणीने नाकतोडे व अळ्या मेल्या की उबून निघालेल्या पिलांचा आहारही जातो. इंग्लंडमधील करड्या तित्तिरांच्या दीर्घ अभ्यासात तणनाशकांमुळे कीटक घटून पिले दगावत असल्याचे पूर्वीच दिसून आले आहे.

अकोला-वाशीम भागात तणमोराचा माग काढण्याच्या कामात फासेपारधी समाजातील जाणकार सहभागी झाले आहेत. ज्यांच्या शिकारीच्या कौशल्याला कायद्याने गुन्हा ठरवले, त्यांनाच खळगा शोधण्याची आणि तेवढ्या वाफ्यात डवरणी काही आठवडे लांबवण्यासाठी शेतकऱ्याचे मन वळवण्याची पगारी जबाबदारी देता येईल. त्या वाफ्याच्या उत्पन्नाची भरपाई कोणत्या विभागाने, कोणत्या शीर्षाखाली आणि हंगाम संपण्याआधी कशी द्यावी, हे या संमेलनाने ठरावात स्पष्ट लिहावे आणि समतल चरांची कामे विणीच्या माळांवर नोव्हेंबरनंतर घेऊन फेब्रुवारीअखेर संपवण्याची मागणीही त्याच ठरावात नोंदवावी.