संगणकाची नवी भाषा : अनुभवी माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावे
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या अनेक घरांत पहिला पदवीधर आणि पहिला संगणक प्रोग्रामर ही एकच व्यक्ती असते. पंधरा-वीस वर्षे जावा भाषेत काम केलेल्या अशा बंधू-भगिनींना एके दिवशी सांगितले जाते, की पुढचे काम पायथॉन भाषेत आणि जँगो या फ्रेमवर्कमध्ये होईल. घराचे हप्ते चालू असतात, मुलांची शिक्षणे चालू असतात आणि शिकवायला येतो तो आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलगा! येथे अडचण बुद्धीची नसते. ती भीतीची आणि अहंभावाची असते.

परमपूज्य बाबासाहेब परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवूनही पुढे पाली भाषेचे विद्यार्थी झाले. त्यांचे पाली व्याकरण व शब्दकोशाचे काम त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात आहे. मग आपण पुन्हा पहिल्या बाकावर बसण्यात कमीपणा कसला?

प्रथम आपल्या शिदोरीत काय आहे ते पाहा. जावा १९९५ साली आली, पायथॉन १९९१ साली. दोन्हींत अट, आवर्तन, फंक्शन, क्लास आहेतच. कामाचे तुकडे कसे पाडावेत, चूक कशी शोधावी, माहिती कशी साठवावी, हे ज्ञान तुमचे आहे. ते कोणी काढून घेत नाही.

परंतु जुन्या सवयी मात्र तपासाव्या लागतात. जावामध्ये सात भागिले दोन या पूर्णांकांचे उत्तर तीन येते. पायथॉन ३ मध्ये साध्या भागाकाराचे उत्तर साडेतीन येते. जावामध्ये महिरपी कंस ओळींचा गट ठरवतात. पायथॉनमध्ये ओळीपूर्वी सोडलेली मोकळी जागाच तो ठरवते. मी स्वतः एका फंक्शनला रिकामी यादी गृहीत मूल्य म्हणून दिली. प्रत्येक वेळी नवी यादी मिळेल अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ती यादी एकदाच तयार होते, म्हणून पहिल्या सभासदाची पुस्तके दुसऱ्याच्या नावावर दिसू लागली. अर्धा दिवस मी संगणकाला दोष देत होतो; दोष माझ्या समजुतीचा होता.

नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर वाहू नये, असा भगवान बुद्धांचा दृष्टान्त मज्झिम निकायात आहे. जुन्या भाषेच्या सवयी हा तो तराफा होय. तराफा बांधण्याची विद्या मात्र आपल्याजवळच राहते.

आता क्रम सांगतो. पहिले दोन आठवडे फक्त भाषा घ्यावी, फ्रेमवर्कला हात लावू नये. दोन्ही एकदम घेतल्यास चूक भाषेची की फ्रेमवर्कची, हेच कळत नाही. रोज एक तास पुरे, पण तो वाचण्याचा नव्हे, स्वतः लिहिण्याचा असावा. पूर्वी जावात केलेलेच एखादे लहान काम पायथॉनमध्ये करावे आणि जाणकाराला दाखवावे, मग तो वयाने लहान का असेना.

त्यानंतर जँगो. हे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या कामातून जन्मले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. फ्रेमवर्क म्हणजे काय? लग्नाच्या पंगतीत आचारी, वेळ, पंगतींचा क्रम सारे ठरलेले असते. तुम्ही नेमून दिलेला पदार्थ वेळेवर वाढायचा. तसेच येथे आपण फ्रेमवर्कला हाक मारत नाही, ते आपल्याला हाक मारते. म्हणून एक मागणी ब्राउझरमधून निघाली, की पत्ता, व्ह्यू, मॉडेल, टेम्प्लेट या वाटेने उत्तर बनून कशी परतते, हे आधी कागदावर काढावे. मग जँगोचा अधिकृत प्राथमिक पाठ पूर्ण करावा आणि लगेच आपले काहीतरी बांधावे. आपल्या अभ्यासिकेच्या ग्रंथालयाची नोंदवही घ्या : पुस्तके, सभासद, दिले-घेतले. विषय ओळखीचा असल्याने सारे लक्ष नव्या साधनावर राहते, आणि संस्थेचे कामही होते.

आज कोड लिहून देणारी एआय साधने आली आहेत. त्यांना जरूर विचारा, पण कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण येथेही लागू आहे. प्रत्येक ओळ का आहे ते विचारा, मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहा, चालवून पाहा. जे स्वतःला समजले नाही, त्यातली चूकही आपल्याला सापडणार नाही.

शेवटी एक विनंती. अनुभवी मंडळींनी दर रविवारी विहारात विद्यार्थ्यांसोबत बसावे. मुलांनी नवी भाषा सांगावी, थोरांनी काम कसे उभे राहते ते सांगावे. बाबासाहेबांच्या "शिका" या आदेशाला वयाची अट नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!