प्रकाशाची भिंगरी



या टेबलावरील काचेचा फुगा आपण मघापासून न्याहाळीत आहात. सुईच्या टोकावर चार इवली पाती तोललेली आहेत. प्रत्येकाची एक बाजू काळी, दुसरी रुपेरी. दिवा लावला की ती फिरतात. मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी फायलींत जन्म गेलेला. तरी मुलीने लहानपणी कारण विचारताच ठामपणे सांगितले होते, ‘प्रकाश ढकलतो म्हणून.’ काही वर्षांनी तीच म्हणाली, ‘बाबा, रुपेरी बाजू प्रकाश परतवते, म्हणजे धक्का तिलाच अधिक बसायला हवा. मग मागे सरते ती काळी का?’ मी निरुत्तर झालो. तिने इतकी वर्षे माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, हे मला फार लागले.

माझी चूक थोरांच्या पंक्तीतली होती, एवढेच समाधान. १८६१ साली थॅलियम शोधणारे विल्यम क्रुक्स ते मूलद्रव्य निर्वात तराजूत तोलत असता उष्णतेने तोल ढळताना दिसला. त्यातून हे यंत्र जन्मले. त्यांनाही प्रथम हा प्रकाशाचाच दाब वाटला. १८७६ साली आर्थर शुस्टर यांनी फुगाच टांगून पाहिला. पाती फिरू लागताच फुगा उलट दिशेस वळला! म्हणजे बळ बाहेरून आलेले नव्हते, आतल्या विरळ हवेचेच होते. काळी बाजू प्रकाश शोषून तापते. पात्याच्या कडेवरून हवा थंड बाजूकडून तप्त बाजूकडे सरकते, तेथे दाब किंचित वाढतो आणि काळी बाजू मागे रेटली जाते. १८७९ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी हे उलगडले. हवा पूर्णपणे काढून टाकली तर भिंगरी थांबते. तापलेला फुगा अंधाऱ्या, थंड जागी ठेवला तर ती उलटी फिरते. आमच्या फ्रिजमध्ये हा प्रयोग करून मी गृहिणीचा रोषही पत्करला आहे. झोतभट्टीसमोर ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना धग म्हणजे काय हे मी सांगायला नकोच.

मात्र प्रकाशाचा दाब खोटा नव्हे. तो मॉस्कोच्या लेबेदेव यांनी १९०१ साली मोजून दाखविला. रशियनांची ओळख भिलाईकरांना काय करून द्यावी! १९९२ साली सोडलेल्या आपल्या इनसॅट-२ए उपग्रहावर हवामान टिपणाऱ्या यंत्राला थंड आकाश मोकळे हवे, म्हणून सौरपट्ट्या एकाच बाजूस होत्या. त्यांवरील सूर्यप्रकाशाच्या रेट्याने उपग्रह कलू नये यासाठी दुसऱ्या बाजूस लांब दांड्यावर एक शीड बसविले होते.

आता मी दिवा लावतो. जुना तारेचाच आणला आहे, त्याची धग चांगली. मुलांनो, पुढे या आणि काळी बाजू कोणीकडे जाते ते तुम्हीच पाहा.