घरगुती अळंबी : यशाची किल्ली पेंढ्याच्या पाश्चरीकरणात

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळा ऐन भरात आला की कोकणात आणि गोव्यात रस्त्याच्या कडेला, आठवड्याच्या बाजारात, पानांत गुंडाळलेली रानची अळंबी विक्रीस येते. तिची चव जाणणारे तिची वर्षभर वाट पाहतात. ही अळंबी वारुळावर उगवते. वाळवी आणि ही बुरशी यांचे साहचर्य इतके घट्ट आहे की माणसाला ती अद्याप आपल्या शेतीत आणता आलेली नाही. धिंगरी अळंबीचे मात्र तसे नाही. सुकलेले लाकूड, पाचोळा, काड यांवर जगणारी ही बुरशी भाताच्या पेंढ्यावर आणि गव्हाच्या काडावरही आनंदाने वाढते. शेतकऱ्याच्या खळ्यावर जे उरते तेच तिचे अन्न होय.

भारतात या दिशेने पहिली महत्त्वाची पावले म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत पडली. १९६२ साली बानो व श्रीवास्तव या शास्त्रज्ञांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढविण्याची पद्धत मांडली. पुढे १९७४ साली जांदाईक यांनी हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगाच्या जातीच्या झुडपांवर आढळणाऱ्या एका धिंगरीची लागवड करून दाखविली. १९८३ साली हिमाचल प्रदेशातील सोलन येथे अळंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या केंद्रातून हे काम होऊ लागले. आज या पिकाची माहिती देणाऱ्या पुस्तिका गावोगाव पोहोचल्या आहेत. असे असूनही पहिल्याच प्रयत्नात हात पोळलेली कितीतरी कुटुंबे या धंद्याकडे पुन्हा वळत नाहीत. याचे कारण काय?

हिरव्या पिशवीची कहाणी

गावोगाव घडणारा प्रकार साधारण असा असतो. प्रशिक्षणाहून परतलेली गृहिणी मोठ्या उत्साहाने बियाणे आणते. पेंढा कापते, रात्रभर भिजविते, सकाळी त्यावर कढत पाणी ओतते आणि पिशव्या भरून माजघराच्या कोपऱ्यात टांगते. चार-पाच दिवस सर्व ठीक दिसते. आठव्या दिवशी पिशवीच्या एका बाजूस हिरवा डाग उमटतो. दोन दिवसांत तो पसरतो, आंबूस वास सुटतो आणि अखेर साऱ्या पिशव्या उकिरड्यावर जातात. घरची मंडळी म्हणतात, बियाणेच वाईट होते. बियाणे देणारा म्हणतो, बाईंनी नीट केले नाही. दोघांपैकी कोणीही त्या दिवशी पेंढ्याचे तापमान मोजलेले नसते.

वास्तविक हे गणित शाळेतील मुलालाही सुटण्यासारखे आहे. एक किलो कोरडा पेंढा भिजला की सुमारे चार किलो भरतो. त्याचे तापमान २५ अंश आणि त्यावर ओतलेले चार लिटर पाणी १०० अंशांचे, असे धरले तरी दोहोंचे मिश्रण फार तर ६० ते ६५ अंशांपर्यंत जाते. त्यातलीही काही उष्णता भांडे आणि हवा घेऊन जातात. पाणी उकळते होते हे खरे. पण पेंढा तापला तो क्षणभर आणि अपुरा. हिरव्या बुरशीला तेवढी संधी पुरेशी असते.

निर्जंतुकीकरण नव्हे, पाश्चरीकरण

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. बोलण्यात सर्रास ‘पेंढ्याचे निर्जंतुकीकरण’ म्हटले जाते. निर्जंतुकीकरण म्हणजे सर्व सूक्ष्म जीवांचा समूळ नाश. त्यासाठी दाबाखालील वाफ आणि १२१ अंश तापमान लागते. पाश्चरीकरण म्हणजे उपद्रवी जीवांचा बीमोड होईल इतपत, मर्यादित काळ दिलेली उष्णता. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात द्राक्षाचे मद्य बिघडू नये म्हणून ही रीत शोधली. आज दुग्धालयांत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवितात, ते याच तत्त्वाने.

मग पेंढा पूर्ण निर्जंतुक केला तर अधिक चांगले नाही का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. घरगुती परिस्थितीत तसे होत नाही. सर्व जीव नष्ट झालेला पेंढा हा मोकळ्या, राखण नसलेल्या शेतासारखा असतो. हवेतून पडलेला कोणताही पहिला बीजाणू त्याचा ताबा घेतो. म्हणून अशा पेंढ्याला प्रयोगशाळेची स्वच्छता लागते. पाश्चरीकरणात उष्णता सोसणारे काही सूक्ष्म जीव शिल्लक राहतात. ते धिंगरीला उपद्रव देत नाहीत. उलट नव्याने येणाऱ्या बुरशींना लगेच पाय रोवू देत नाहीत. तेवढ्या अवकाशात धिंगरीचे पांढरे तंतू पेंढा व्यापून टाकतात.

कोकणातील आणि मावळातील शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. भाताची रोपे टाकण्यापूर्वी तो शेण, पालापाचोळा पसरून राब भाजतो. त्याने तणाचे बी जळते आणि भाताच्या रोपाला आरंभीची आघाडी मिळते. गृहिणीला तर ते रोजच ठाऊक असते. दूध तापवायचे, कोमट होऊ द्यायचे, मग विरजण लावायचे. न तापविलेल्या दुधाला विरजण लावले तर दही भलतेच होते. कढत दुधाला लावले तर विरजण मरते. अळंबीचे बियाणे हे पेंढ्याचे विरजणच आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढील सर्व कृती आपोआप उलगडते.

घरच्या घरी करावयाची कृती

पेंढा त्याच हंगामातील, सोनेरी, कडक आणि पावसात न भिजलेला असावा. काळपट, कुबट पेंढ्यात शत्रूचे बीजाणू आधीच घर करून असतात. असा पेंढा कितीही तापविला तरी खात्री देता येत नाही. विळीवर किंवा अडकित्त्यावर त्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करावेत. ते पोत्यात सैल भरून आठ ते दहा तास स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत. भिजल्याने पेंढा मऊ होतो आणि उष्णता त्याच्या गाभ्यापर्यंत जाते. कोरड्या काडीच्या पोकळीत हवा असते व हवा उष्णता सहजी आत जाऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी निथळू द्यावे. दोनशे लिटरच्या पत्र्याच्या पिंपात निम्मे पाणी घेऊन चुलीवर तापवावे. ज्या पिंपात पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन होते ते पिंप कदापि वापरू नये. पाणी ८० अंशांच्या वर गेले की पोते त्यात सोडावे आणि वर दगड ठेवून ते पूर्ण बुडेल असे पाहावे. पोते सोडताच तापमान झपाट्याने उतरते. म्हणून वेळ मोजावयाची ती पोते सोडल्यापासून नव्हे, तर तापमापक पुन्हा ८० अंश दाखवू लागल्यापासून. तेथून पुढे एक तास. तापमापक पिंपाच्या कडेला न धरता शक्य तो पोत्याच्या मध्यभागी खुपसावा, कारण सर्वांत थंड जागा तीच असते. मधे एकदा पोते लांब काठीने उलटेपालटे करावे.

वाफेचीही रीत आहे. पिंपाच्या तळाशी विटांवर जाळी ठेवून जाळीखाली थोडे पाणी उकळावे, वर भिजलेल्या पेंढ्याचे पोते ठेवावे आणि झाकण सैलसर लावावे. यात पाणी कमी लागत असल्याने सरपण वाचते. परंतु वाफ गाभ्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. पेंढ्याचा मध्य ६५ ते ७० अंशांवर आल्यानंतर चार ते सहा तास ते तापमान टिकवावे लागते.

सरपणाचा विचार येथे टाळता येत नाही. १०० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर नेण्यास ५,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो असे धरले, तर त्यासाठी सुमारे १५ किलो लाकूड जळते. हे लाकूड बहुधा बाईच्याच डोक्यावरून येते. म्हणून सुधारित चूल वापरावी, पिंपावर झाकण असावे आणि तापमान हवे तेथे आले की पिंपाभोवती बारदान गुंडाळून विस्तव कमी करावा. दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी, एकाच पिंपात, पोत्यामागून पोते काढल्यास तेच गरम पाणी सर्वांच्या उपयोगी पडते.

काही पुस्तिकांत कार्बेन्डाझिम आणि फॉर्मालिन यांच्या द्रावणात पेंढा १६ ते १८ तास बुडविण्याची पद्धत दिलेली आढळते. तीत सरपण लागत नाही हे खरे. परंतु फॉर्मालिनची वाफ डोळ्यांना व श्वसनाला घातक असते आणि तिचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. जेथे मुले वावरतात आणि जेथे हीच अळंबी ताटात यावयाची आहे, त्या घरात गरम पाण्याचीच रीत श्रेयस्कर होय. गरम पाण्याच्या पिंपापासूनही मुलांना दूर ठेवावे, हे वेगळे सांगावयास नको.

पाश्चरीकरणानंतरचे दोन तास

बहुतेकांची चूक होते ती यापुढे. पेंढा नीट तापविला जातो आणि मग तो अंगणात, जेथे सकाळी कच्चा पेंढा कापला होता त्याच जागी, पसरला जातो. तापविण्याचा सारा खटाटोप तेथेच वाया जातो. तापविलेला पेंढा ज्या खोलीत गार करावयाचा ती बाळंतिणीच्या खोलीइतकी स्वच्छ असावी. जमीन व कट्टा जंतुनाशकाने पुसलेले, प्लॅस्टिकचा कागद धुतलेला, हात साबणाने स्वच्छ. कच्च्या पेंढ्याची धूळ त्या खोलीत येता कामा नये.

पाणी किती राहिले हे मुठीवरून कळते. मूठभर पेंढा जोराने पिळला असता तळहात ओला व्हावा, बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब दिसावा. धार लागू नये. धार लागली तर पेंढ्यात हवा खेळत नाही, तो आंबतो आणि बियाणे गुदमरते. पेंढा ३० अंशांच्या खाली, म्हणजे हाताला गार लागेपर्यंत आला की मगच बियाणे पेरावे. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के बियाणे पुरे. चार किलो ओल्या पेंढ्याला ८० ते १२० ग्रॅम. पिशवीत थरावर थर देऊन भरावे, तोंड बांधावे आणि बारीक छिद्रे पाडावीत.

अंधाऱ्या, गार खोलीत पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग प्लॅस्टिक काढून खोलीत उजेड, खेळती हवा आणि ओलावा राखला की आठवडाभरात कळ्या दिसू लागतात. एक किलो कोरड्या पेंढ्यापासून दोन-तीन तोडण्यांत मिळून साधारण अर्धा किलो व त्याहून अधिक ताजी अळंबी मिळू शकते. उरलेला पेंढा उत्तम खत होतो.

एक सूचना येथे आवश्यक आहे. हिरवा डाग ज्या बुरशीचा असतो ती बहुधा ट्रायकोडर्मा होय. हीच ट्रायकोडर्मा शेतकरी मर रोगाविरुद्ध बियाण्याला चोळतो. शेतातील हा मित्र अळंबीच्या खोलीत शत्रू ठरतो. तिची पाकिटे हाताळून तसेच अळंबीच्या खोलीत जाऊ नये आणि डाग दिसलेली पिशवी तेथे न उघडता तत्काळ बाहेर न्यावी.

एक तापमापक, एक वही

या सर्वांत महागडे असे काही नाही. पिंप, पोते, चूल, पेंढा ही सामग्री गावात आहेच. उणीव असते ती तापमापकाची आणि नोंदीची. ग्रामपंचायतीने किंवा महिला मंडळाने एक चांगले पिंप आणि १०० अंशांपर्यंतचा एक तापमापक सामाईक ठेवला, तर दहा घरांची सोय होईल. शाळेतील विज्ञान शिक्षकाला तर हा तयार पाठच आहे. एक पोते तापविलेले, एक न तापविलेले, दोन्हींत तेच बियाणे. पंधरा दिवसांत मुले पाश्चरचा सिद्धांत डोळ्यांनी पाहतील. त्याच वेळी रानातील अनोळखी छत्र्या तोंडात घालू नयेत, ही ताकीदही त्यांना द्यावी.

विस्तार अधिकाऱ्यांनी किती घरांना बियाणे वाटले हा आकडा जरूर ठेवावा. पण त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत. पेंढा किती अंशांवर, किती वेळ तापविला हा एक आणि किती पिशव्या पांढऱ्या झाल्या हा दुसरा. बियाण्यात खोट असेल तर ती या नोंदीतून उघड होईल. बाईंच्या हातून चूक झाली असेल तर तीही कळेल आणि दुसऱ्या खेपेस सुधारता येईल. दोष कोणाचा या वादात जो उत्साह विझतो, तो राखण्याचे काम ही लहानशी वही करील.

ज्या घरात दूध रोज तापते, निवते आणि विरजते, त्या घरातील स्त्रीला हे शास्त्र परके नाही. तिच्या हाती एक तापमापक आणि तासाभराचा धीर द्यावयाचा आहे. खळ्यावरचा पेंढा मग गोठ्याच्याच नव्हे, तर घराच्याही उपयोगी पडेल.